चार हजारांच्या पुढे

थर्मामीटर वाजलं हे मला नवऱ्याने सांगितलं. दोन दिवस अंगात कसर होती, म्हणून संध्याकाळी गॅरेजमधून आल्यावर मी पलंगाच्या कडेला टेकले, थर्मामीटर काखेत धरलं आणि ते वाजायची वाट बघत राहिले. समोरच्या गच्चीवर एक माणूस वाळलेल्या चादरी काढत होता. त्याच्या चार चादरी काढून झाल्या, घड्या घालून झाल्या, तो खाली गेला, तरी आमचं थर्मामीटर गप्प. बॅटरी गेली असणार, असं मी ठरवून टाकलं. कुठलीही वस्तू बिघडली की पहिला संशय बॅटरीवर घ्यायचा ही आमच्या धंद्यातली सवय. तेवढ्यात आतून नवरा ओरडला, "अगं, किती वेळ वाजतंय ते! काढ की." मी काढलं. ताप असा नव्हताच. मग मी त्याचं टोक मुठीत धरलं आणि पडद्याकडे बघत बसले. आकडे चढले, थांबले, कोपऱ्यातली खूण लुकलुकायला लागली. नवरा हातात झारा घेऊन दारात येऊन उभा राहिला. "वाजतंय?" मी विचारलं. "वाजतंय." "आत्ता?" "आत्ताही वाजतंय. काय झालंय काय तुला?" मी म्हटलं, काही नाही, आणि थर्मामीटर डबीत ठेवून दिलं.

दुसऱ्या कुणाला त्यात विशेष काही वाटलं नसतं. पन्नाशी आली की चष्मा लागतो, गुडघे कुरकुरतात, समोरच्याचं नाव ओठांवर येऊन परत जातं. त्यात एक थर्मामीटर. पण लोकांचं पोट हातावर असतं, माझं कानावर आहे. मी टर्बोच्या गाड्यांचा जोर वाढवते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वाफाऱ्यावर एक छोटं चाक फिरतं, ते आत जास्त हवा कोंबतं, जास्त हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं, आणि गाडी जन्मतः नव्हती तितकी तगडी होते. एवढं कुणालाही जमतं. खरं काम पुढे आहे. ठिणगी थोडी आधी पाडली की जोर वाढतो, म्हणून एकेक अंश ती आधी आणत न्यायची; आणि एका अंशावर असं होतं की आतलं मिश्रण आपली पाळी यायच्या आतच पेटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडी बसते. त्याला आम्ही नॉकिंग म्हणतो. ते दिसत नाही. गाडी त्या वेळी उलट जास्तच उत्साहात पळते. फक्त ऐकू येतं, तेही अगदी बारीक, पत्र्याच्या डब्यात कुणी चिमूटभर वाळू टाकावी तसं, आणि ते ऐकून जो माणूस एक पाऊल मागे येतो त्याच्याकडे लोक परत येतात. मी इंजिनला तांब्याची एक नळी घट्ट बसवते, नळीला रबरी पाइप, पाइपला कानांवरची मोठी कर्णटोपी. डॉक्टरच्या नळीसारखीच ती चीज आहे. गाडी रोलरवर चढवायची, म्हणजे चाकं जमिनीतल्या लोखंडी पिंपांवर जागच्या जागी फिरतात आणि बाजूच्या पडद्यावर जोराचा आलेख उमटतो. मी आत बसून एक्सलरेटर दाबते आणि ऐकते. बावीस वर्षं ऐकते आहे.

येणाऱ्या प्रत्येकाला तीन गोष्टी हव्या असतात. जोर हवा, इंजिन टिकायला हवं आणि खर्च बेताचा हवा. लहानपणी आम्हा तीन भावंडांना मिळून एकच पांघरूण होतं, ते एकाने ओढलं की दुसऱ्याचे पाय उघडे पडायचे, आणि मधल्याला, म्हणजे मला, नेहमी वाटायचं की नीट झोपलो तर ते तिघांनाही पुरेल. माझ्या धंद्याचं सगळं शहाणपण मला तिथेच आलं असावं. ज्याच्याकडे पैसा आहे तो घडीव धातूचे भक्कम पिस्टन टाकतो, मोठा रेडिएटर टाकतो, त्याला माझी फारशी गरजच नसते. त्याचं इंजिन चार चुका पोटात घालतं. माझी गरज लागते ती कंपनीच्याच पिस्टनवर जोर मागणाऱ्याला. तिथे कडेला किती जवळ जायचं हे ऐकावं लागतं. भारी पिस्टनऐवजी माझा कान. गिऱ्हाइकांना मी हे हसत सांगायचे, की तुमच्या इंजिनात मी एक सुटा भाग फुकट बसवते, तो दिसत नाही एवढंच.

कानाच्या दवाखान्यात मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, घरी न सांगता. एक लहानशी खोली, आतून जाड स्पंज लावलेली, दार लावलं की स्वतःचं गिळणंसुद्धा ऐकू यावं अशी. तिथे पुन्हा कानांवर टोपीच चढवली, त्यामुळे मला जरा घरच्यासारखं वाटलं. तपासणारी मुलगी काचेपलीकडे होती. आवाज आला की बटण दाबायचं. पहिले आवाज जाड, बसक्या गळ्याचे होते. मी पटापट दाबत होते, परीक्षेत सोपे प्रश्न आल्यावर होतो तसा एक पोरकट आनंदही मला झाला. मग आवाज बारीक होत गेले. मग काहीच आलं नाही. ती कागद शोधत असेल, मी मनाशी म्हटलं, फोन आला असेल. मी काचेकडे बघितलं. ती शांतपणे एक बटण दाबत होती, माझ्याकडे बघत होती, थांबत होती आणि पुन्हा दाबत होती. त्या खोलीत तेव्हा आवाज होता, मला ऐकवण्यासाठीच केलेला, आणि मी त्यात बसले होते. मला भीती वाटली. अंधाराची वाटते तसली नाही, ती तरी अंगावर येते. ही भीती अशी की सगळं अगदी छान शांत आहे.

तिने कागद समोर ठेवला तेव्हा मला हसू आलं. आडव्या रेघेवर आवाजाच्या बारीकपणाचे आकडे होते, जाड अडीचशेपासून बारीक आठ हजारांपर्यंत. आमच्या रोलरच्या कागदावरही आडवी रेघ आठ हजारांपर्यंतच जाते, तिथे ते इंजिनाचे फेरे असतात. माझी रेघ चार हजारांपर्यंत ठीक चालली होती आणि तिथून उतार लागल्यासारखी खाली गेली होती, दोन्ही कानांची. असा आलेख एखाद्या गाडीचा आला असता तर मी न बघता सांगितलं असतं, टर्बो लहान पडतोय, चार हजारांच्या पुढे त्याला दम नाही. "रोजच्या बोलण्याला फार अडचण येणार नाही," मुलगी समजुतीने म्हणाली, "स आणि श यांत कधीकधी गोंधळ होईल. पक्ष्यांचे आवाज कमी येतील." मी तिला साडेसहा हजारांवर बोट ठेवून विचारलं, इथे काय? ती म्हणाली, "तिथे जवळजवळ नाहीच. पण तिथे तसं कुणी बोलतही नाही." मी म्हटलं, बोलतं. ती कानाला मशीन लावायला सांगत होती, मशीनमुळे बोलणं स्पष्ट येईल, खडखडाट ते आपोआप गाळून टाकतं. त्या मुलीची काही चूक नव्हती. ती मला अगदी मनापासून तेच गाळून द्यायला निघाली होती ज्यावर माझं घर चालतं.

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांच्या मापाच्या सिलिंडरचं नॉकिंग साधारण साडेसहा हजारांवर वाजतं. बाहेर येऊन मी रस्त्याच्या कडेच्या बाकावर बसले. बसेस जात होत्या, त्यांचे ब्रेक पूर्वी किंचाळायचे, आता नुसते थांबत होते. मी आतापर्यंत समजत होते की बसेस नव्या आल्या. हेच, हेच गेली दोनतीन वर्षं चाललं होतं. मला वाटायचं पेट्रोल सुधारलंय. मला वाटायचं माझा हात बसलाय. पूर्वी ज्या अंशावर वाळू पडायला लागायची तिथे आता इंजिन कसं निर्मळ चालायचं, मी आणखी अर्धा अंश द्यायचे, आणखी अर्धा, आणि आकडे चढत होते. गावभर बोललं जात होतं की कंपनीच्याच पिस्टनवर एवढा जोर ही बाईच काढू जाणे. मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि घरी येऊन नवऱ्याला शब्दशः सांगायचे. गाडीतल्या संगणकाला नॉकिंग टिपणारा सेन्सर असतो, नाही असं नाही. पण त्याला मुळात अक्कल नसते. इंजिनातल्या शंभर आवाजांतला कुठला खरा धोक्याचा हे कुणीतरी आधी ऐकून त्याला शिकवावं लागतं. तो ओरडायचा. मी टोपी लावून ऐकायचे, मला काही ऐकू यायचं नाही, आणि मी म्हणायचे, उगीच घाबरतंय बेटं. आणि त्याचा घाबरटपणा मी कमी करून टाकायचे. एक-दोनदा नव्हे, येईल त्या गाडीत. माझ्यापेक्षा बरं ऐकणारा तिथे एकच होता आणि त्याला मी एकेक करून गप्प बसवलं होतं. स्पार्क प्लग काढून बघायची जुनी सवयही मी सोडली होती, कारण इतक्या निर्मळ इंजिनाचा प्लग काढायचा कशाला?

किती गाड्या असतील? चाळीस तरी. त्यांतल्या बऱ्याच शहरात ऑफिसला जातात-येतात, त्यांना वर्षानुवर्षं काही होणार नाही. पण मास्तरांची गाडी होती. मास्तर म्हणजे शाळेत भूगोल शिकवणारे एक सरळमार्गी गृहस्थ, ज्यांनी नऊ वर्षं मन मारून ती जुनी टर्बो गाडी घेतली आणि तिच्यात आणखी खर्च करायला आता खिशात काही उरलं नव्हतं. त्यांची बायको गाडीला सवत म्हणते. मास्तरांना तीनशे हॉर्सपॉवर हवी होती. दोनशे नव्वद नको का, मी चेष्टेने म्हटलं होतं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "ताई, स्टाफरूममध्ये तीनशे सांगून बसलोय." मागच्या आठवड्यात मी त्यांना तीनशे बारा काढून दिले. ते बारा त्यांनी मागितलेही नव्हते. ते मी माझ्या हौसेने दिले. आणि येत्या रविवारी ते बायकोला शेजारी बसवून घाटातून जाणार होते, तीन तासांचा चढ, भर दुपारी, ट्रकच्या मागे ट्रक. एखाद्या ट्रकला ओलांडताना ते पूर्ण दाबतील, ठिणगी आधी पडेल, पिस्टनला भोक पडेल, आणि गाडी ट्रकच्या बाजूला, समोरून येणाऱ्या रस्त्यावर, तेलाचा धूर करत मरेल. हे मला त्या बाकावर बसून अगदी स्वच्छ दिसलं. डोळ्यांना माझ्या काही झालेलं नाही.

मी घरी गेले नाही, बाबांकडे गेले. बाबा गॅरेजच्या वरच्याच खोलीत राहतात. गॅरेज त्यांनीच काढलेलं. मला ऐकायला त्यांनीच शिकवलं, तांब्याच्या नळीच्याही आधी, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या हाडाला लावून आणि टोक इंजिनला टेकवून. मी आठ वर्षांची असेन. "ऐक, आता धान्यात खडा येईल," ते म्हणायचे, आणि खडा यायचा, आणि ते माझ्या तोंडाकडे बघत असायचे. इंजिन स्वच्छ चालत असलं की त्यांचा एक शब्द होता, गोड. गोड आहे, जाऊ दे. पूर्वी तो शब्द त्यांच्याकडून मिळवायला इंजिनांना घाम फुटायचा. शेवटच्या चारपाच वर्षांत मात्र सगळीच इंजिनं गोड व्हायला लागली. आम्ही म्हणायचो, वयाने बाबा निवळले. मग रंगारीकाकांच्या गाडीचं झालं. काका आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या रंगवायचे, तीस वर्षांचा बाबांचा दोस्त, माझी पहिली सायकल त्यांनी रंगवलेली. त्यांच्या गाडीचं काम बाबांनी केलं, गोड म्हणाले, आणि तीन आठवड्यांत दोन पिस्टन वितळले. बाबा म्हणाले, हलकं पेट्रोल भरलं. काका म्हणाले, देवाशप्पथ नाही. मी मध्ये पडले. मी बापाची मुलगी, नुकतीच शिकून तयार झालेली, मी काकांना चारचौघांत सुनावलं, "काका, जोर भारीतला आणि पेट्रोल स्वस्तातलं, असं कसं चालेल?" त्यानंतर ते आमच्या दारावरून कधी गेले नाहीत, पलीकडच्या फुटपाथवरून जायचे, आणि वर्षाभरात बाबांनी गॅरेज माझ्या हातात देऊन टाकलं.

बाबा खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. त्यांचं कानाचं मशीन नेहमीप्रमाणे टेबलाच्या खणात होतं. मला जे विचारायचं होतं ते हळू आवाजात विचारायचं होतं, पण बहिऱ्या माणसाला नाजूक प्रश्न ओरडूनच विचारावा लागतो. "बाबा, रंगारीकाकांच्या गाडीच्या वेळी तुम्हाला ऐकू येत होतं का?" खाली फिटर काहीतरी ठोकत होता तो थांबला. बाबांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं शब्द पोचलेच नाहीत, म्हणून मी पुन्हा तोंड उघडलं. "आलं ऐकू," ते म्हणाले. "तेव्हा नव्हतं येत. आत्ताचं आलं." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "तेव्हा माहीत होतं तुम्हाला?" "आधी नव्हतं. त्याचे पिस्टन बघितले तेव्हा कळलं." "मग सांगितलं का नाही?" माझा आवाज गरजेपेक्षा मोठा लागला होता. बाबा म्हणाले, "तुला गॅरेज द्यायचं होतं, बाळ. बहिऱ्याचं गॅरेज म्हणून नाव झालं असतं तर तुझ्याकडे कोण आलं असतं?" मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. राग आला, आणि रागाच्या खालोखाल माया आली, आणि दोन्हींच्या मागे ती भरबाजारातली मी उभी होते, काकांना पेट्रोलवरून बोलणारी. मी तेव्हा जे बोलले ते खोटं होतं, आणि ज्यांना ते खोटं असल्याचं माहीत होतं ते माझ्या शेजारी उभे राहून गप्प होते. "तुलाही होणार होतं," बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला वाटलं जरा उशिरा होईल." त्यांनी विचारलं नाही मी का आले ते. बापाला मुलीचा चेहरा ऐकू येतो.

जिना उतरताना माझ्या मनात वाक्य तयार झालं होतं. मास्तर, पंपांवर सध्या पेट्रोल जरा खराब येतंय, गाडी आणा, सुरक्षेसाठी थोडं कमी करून देते. किती सुरेख वाक्य. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मास्तर वाचत होते, बायको वाचत होती, माझं नाव वाचत होतं, आणि चाळीसही जणांना हेच एकेक करून सांगता आलं असतं. ताई किती काळजी घेतात, वर हेही झालं असतं. फोन कानाला लावेपर्यंत मी हेच बोलणार होते. मास्तरांनी उचलला, मागे त्यांच्या बायकोचा आवाज, "सवतीला काय झालं आता?" मी म्हटलं, "मास्तर, पंपावर सध्या," आणि थांबले. पेट्रोल हा शब्द तोंडातून निघेना. बावीस वर्षांपूर्वी तो माझ्याच तोंडून निघाला होता आणि त्याची चव अजून तिथे होती. "पंपावर काय?" मास्तर म्हणाले. मी म्हटलं, "पंपावर काही नाही. माझा कान गेलाय. तुमची गाडी मी न ऐकता दिली. रविवारी नेऊ नका. उद्या गाडी हळू चालवत इकडे आणा." मग मास्तर म्हणाले, "शाळा सुटल्यावर येतो." त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

ते आले तेव्हा कपड्यांना खडूची पूड होती. मी त्यांना कानाचा कागद दाखवला, जसा गिऱ्हाइकाला गाडीचा दाखवते तसा. शिक्षकच ते, त्यांनी आलेख दोन्ही हातांत धरून नीट वाचला. मग चारही प्लग काढले. तिसऱ्याच्या पांढऱ्या भागावर मिऱ्याची पूड उडाल्यासारखे काळे ठिपके होते आणि त्यांत एक चकचकीत कण, पिस्टनचाच. आठ दिवसांत एवढा. "हे वाईट का?" त्यांनी विचारलं. "हे नशीब," मी म्हटलं, "अजून एकच कण आहे." किती कमी करायचं ते मात्र प्लग सांगत नाही. भीतीने खूप कमी केलं तर गाडीची बैलगाडी होईल. थोडंच कमी केलं तर रविवारी घाटात तेच होईल. कुणीतरी ऐकायला हवं होतं. फिटर तीस वर्षं पत्रा ठोकतोय, तो आणि मी मिळून आमच्या गॅरेजात आता एक कान भरला असता. "मी ऐकतो की," मास्तर म्हणाले. "फळ्याकडे तोंड असताना शेवटच्या बाकावर कोण काय कुजबुजतंय ते सांगतो मी." मी त्यांना सांगितलं, वाळू पडल्यासारखं येईल. आलं की हात वर करायचा. मुलांना सांगता तसा.

ते बॉनेटपाशी टोपी घालून उभे राहिले, मी आत बसले, मांडीवर लॅपटॉप. रोलर घुमायला लागले, गाडी जागच्या जागी पळायला लागली. चार हजार फेरे, साडेचार, पाच. मला ऐकू येत होता तो एक मोठा, भरदार, सुंदर आवाज. आणि काचेतून मास्तर दिसत होते. पाच हजार दोनशेवर त्यांनी डोळे मिटले, घट्ट, कुणी काचेवर नख ओढल्यासारखे, आणि उघडले. हात खालीच. मी पाय काढला. "काय?" मी खिडकीतून ओरडून विचारलं. "काही नाही," मास्तर म्हणाले, "स्वच्छ आहे." पडद्यावर तीनशे बारा होते. ते पडद्याकडे बघत होते.

मला क्षणभर काही कळेनासं झालं, आणि मग सगळंच कळलं. हा सज्जन माणूस माझ्याशी खोटं बोलत होता, स्वतःच्या जिवावर, बायकोच्या जिवावर, स्टाफरूममधल्या तीनशेसाठी. मी रागवायला हवं होतं. पण गेली तीन वर्षं मी दुसरं काय करत होते? ठिणगी दोन अंश मागे घेतली आणि पुन्हा दाबलं. पाच हजार दोनशे, आणि त्यांचा एक खांदा वर उडाला. हात खाली. तीनशे तीन. मी आणखी एक अंश मागे आणला. त्यांच्या उजव्या पापणीखाली काहीतरी हललं. दोनशे शहाण्णव. आणखी एक. ओठांचा कोपरा. मी इंजिन ऐकायचं सोडून दिलं होतं, ते नुसतं चालू होतं. मी त्या चेहऱ्याकडे बघत होते, बाबा माझ्या चेहऱ्याकडे बघायचे तसं असेल कदाचित, आणि मला दोनतीन वर्षांत प्रथमच नेमकं कळत होतं की आत काय चाललंय. आणखी अर्धा अंश. मी पाच हजार दोनशे ओलांडले, साडेपाच, सहा, साडेसहा, आणि मास्तरांचा चेहरा तसाच राहिला, उतरलेला, सैल, दुःखी आणि शांत. तिथे मी थांबले. सेन्सरला पुन्हा सगळं पहिल्यापासून शिकवलं, याच्यापुढे काहीही वाजलं तर ओरड म्हणून. दोनशे चौऱ्याऐंशी.

गाडी बंद केली. मास्तरांनी टोपी काढून हातात धरली, खडूची पूड तिच्यावर उतरली होती. "मी तर हात वर केलाच नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो, बघितलं मी." "शेवटून दुसऱ्या वेळी फार बारीक होतं हो," ते म्हणाले. "तेवढं चाललं असतं." मग तेच म्हणाले, "नसतं." मी आत जाऊन गिऱ्हाइकांच्या फोन नंबरांची यादी आणली आणि रोलरच्या टेबलावर ठेवली. चाळीस नव्हत्या, त्रेचाळीस निघाल्या. त्यांतल्या प्रत्येकाला मी तेच सांगणार होते जे मास्तरांना सांगितलं, आणि त्यांतले निम्मे परत येणार नव्हते, आणि जे येतील त्यांच्या गाड्यांपाशी कुणीतरी टोपी घालून उभं राहायला हवं होतं. तोंडाने खोटं बोललं तरी चालेल, पण चेहऱ्याला ते जमू नये, असं कुणीतरी. मास्तर किल्ली घेऊन दारापर्यंत गेले होते.

"मास्तर," मी म्हटलं, "उद्या तुमची शाळा किती वाजता सुटते?"